मर्सीसाइड डर्बी : दुखापती, राखीव फळी आणि न संपणारा वाद

पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांच्या लढतीत गुणतक्ता आणि अलीकडची कामगिरी यांना अर्थ नसतो, असे फुटबॉलरसिक नेहमी म्हणतात. दुसरा पक्ष मात्र बजावतो की, प्रमुख खेळाडू जायबंदी असतील आणि त्यांची जागा घेणारे तुल्यबळ राखीव खेळाडू नसतील, तर केवळ ईर्षेवर सामना जिंकता येत नाही. लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांच्यातील 'मर्सीसाइड डर्बी'च्या अलीकडच्या इतिहासात या दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात.

या वैराचे मूळ एका मैदानात आहे. अ‍ॅनफिल्ड हे प्रथम एव्हर्टनचे मैदान होते. मैदानमालकाशी बिनसल्याने १८९२ मध्ये एव्हर्टनने ते सोडले आणि रिकाम्या मैदानासाठी लिव्हरपूल क्लब जन्माला आला. उभयतांतील पहिला लीग सामना १८९४ मध्ये झाला. तो एव्हर्टनने ३-० असा जिंकला.

१७ ऑक्टोबर २०२० रोजी गुडिसन पार्कवर झालेल्या सामन्यात प्रारंभीच्या मिनिटांतच एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक याच्यावर आदळला. व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि त्याचा संपूर्ण हंगाम वाया गेला. पिकफर्डला कार्डही दाखवण्यात आले नाही. सामना २-२ असा बरोबरीत सुटला, परंतु त्याचे खरे परिणाम पुढे दिसले. नोव्हेंबरमध्ये जो गोमेझ आणि जानेवारीत जोएल मॅटिप हेही हंगामाला मुकले. बचावफळीच्या मध्यभागी फॅबिनो आणि जॉर्डन हेंडरसन या मध्यरक्षकांना उभे करावे लागले. परिणामी मधली फळीही खिळखिळी झाली.

२० फेब्रुवारी २०२१ रोजी अ‍ॅनफिल्डवर परतीचा सामना झाला. फॅबिनो दुखापतीमुळे बाहेर होता आणि हेंडरसनही पूर्वार्धातच जायबंदी झाला. रिचार्लिसन आणि सिगर्डसन यांच्या गोलांमुळे एव्हर्टनने २-० असा विजय मिळवला. अ‍ॅनफिल्डवरील हा त्यांचा १९९९ नंतरचा पहिलाच विजय होता.

दुखापतीच या पराभवाला कारणीभूत ठरल्या काय? टीकाकारांच्या मते नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अनुभवी बचावपटू देयान लोव्हरेन याला विकल्यानंतर लिव्हरपूलने त्याच्या जागी कोणालाही घेतले नव्हते. दुखापत हे दुर्दैव असले, तरी तोकडी राखीव फळी हा क्लबचा निर्णय होता, असा त्यांचा मुद्दा. शिवाय करोनामुळे प्रेक्षागृह रिकामे होते आणि घरच्या मैदानावरील लीगमधला हा लिव्हरपूलचा सलग चौथा पराभव होता, हेही विसरता येत नाही.

याउलट उदाहरण ५ जानेवारी २०२० चे. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी संघात तब्बल नऊ बदल केले आणि नवोदितांना उतरवले. एव्हर्टनने मात्र आपला बहुतांश प्रमुख संघ खेळवला. तरीही १८ वर्षांच्या कर्टिस जोन्सच्या अप्रतिम गोलमुळे लिव्हरपूल १-० असे जिंकले. त्या दिवशी बचावात खेळलेला नॅथानिएल फिलिप्स पुढील हंगामाच्या अखेरीस ऱ्हीस विल्यम्सच्या साथीने संघाचा आधार बनला. त्या हंगामापूर्वी दोघेही प्रीमियर लीगमध्ये खेळले नव्हते. अखेरचे पाचही सामने जिंकून लिव्हरपूलने तिसरे स्थान गाठले.

नियमांचाही राखीव फळीशी निकटचा संबंध आहे. प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक क्लबला कमाल २५ खेळाडूंची नोंदणी करता येते. त्यात इंग्लंड वा वेल्समध्ये न घडलेले खेळाडू १७ पेक्षा अधिक नसावेत. २१ वर्षांखालील खेळाडूंना मात्र ही मर्यादा लागू नाही. २०२०-२१ मध्ये सामन्यात तीनच बदली खेळाडू उतरवता येत. २०२२-२३ पासून ही संख्या पाच झाली. मोठी राखीव फळी असलेल्या श्रीमंत क्लबांनाच याचा अधिक लाभ होतो, अशी लहान क्लबांची तक्रार राहिली आहे.

तात्पर्य, एका सामन्यापुरती ईर्षा राखीव खेळाडूंनाही मोठे करू शकते. पण दुखापतींची मालिका सुरू झाली की हंगामभराची किंमत मोजावी लागते, आणि त्या हंगामातच पुढची डर्बीही येते.