नियोजित सिझेरियन प्रसूती आणि मळमळीची भीती : कारणे, उपाय व पूर्वतयारी

नियोजित सिझेरियन शस्त्रक्रियेची तारीख ठरली की गर्भवतीच्या मनात बाळाच्या आणि स्वतःच्या सुखरूपतेचा विचार येतो. काही स्त्रियांच्या मनात मात्र आणखी एक भीती घर करून असते आणि ती सहसा बोलून दाखवली जात नाही. शस्त्रक्रिया चालू असताना मळमळेल, उताणे निजलेल्या अवस्थेत उलटी होईल आणि आपल्याला काहीच करता येणार नाही, ही ती भीती होय. ऐकणाऱ्याला ती क्षुल्लक वाटते. 'एवढे मोठे ऑपरेशन, आणि काळजी कशाची, तर उलटीची!' असे उद्गार घरातच ऐकावे लागतात आणि स्त्री गप्प राहते.

ही भीती निराधार नाही. सिझेरियनच्या वेळी मळमळणे हा नेहमी आढळणारा त्रास आहे. परंतु त्याची बहुतेक कारणे वैद्यकशास्त्राला ठाऊक असून त्यांवर उपायही आहेत. ते वेळेवर योजता यावेत यासाठी भूलतज्ज्ञाला या भीतीची आगाऊ कल्पना असणे आवश्यक असते. त्यामुळे या बाबतीत मौन हेच सर्वांत गैरसोयीचे ठरते.

सिझेरियनचे वाढते प्रमाण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील १७.२ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्या होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. त्या वेळी महाराष्ट्रात ते २५.४ टक्के, गोव्यात ३९.५ टक्के, तर तेलंगणात ६०.७ टक्के होते. देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सार्वजनिक रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती या मार्गाने झाल्या. याचा अर्थ, हा प्रश्न मूठभर स्त्रियांपुरता उरलेला नाही.

मळमळ का होते?

नियोजित सिझेरियनसाठी बहुधा कमरेतून, म्हणजे मणक्यांमधून, भूल दिली जाते. या पद्धतीत माता जागी असते, परंतु छातीखालचा भाग बधिर होतो. वेदनेच्या नसांबरोबरच रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणाऱ्या नसाही या औषधाने काही काळ निष्क्रिय होतात. परिणामी रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूला होणारा रक्तपुरवठा त्यामुळे क्षणभर कमी पडला, की उलटीचे केंद्र चाळवले जाते. भूल दिल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत येणारी मळमळ पुष्कळदा याच कारणाने येते. जांभया येणे, घाम फुटणे, डोके हलके वाटणे ही तिच्यासोबतची लक्षणे आहेत.

भरलेले गर्भाशय हेही एक कारण आहे. माता सपाट उताणी निजली की गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. यासाठी टेबल डावीकडे किंचित कलते करतात किंवा उजव्या कुशीखाली उशी ठेवतात.

दुसऱ्या टप्प्यातील मळमळीचे कारण वेगळे असते. बाळ बाहेर काढताना, गर्भाशय शिवताना आणि पोटाच्या आतील आवरणावर ताण पडताना पोटात ढवळल्यासारखे होते. भुलीमुळे वेदना थांबते, परंतु ओढ आणि दाब जाणवू शकतो. हा टप्पा थोड्या वेळात ओसरतो.

तिसरे कारण औषधांचे. बाळ बाहेर काढल्यावर गर्भाशय आकुंचन पावावे व रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिन दिले जाते. ते झपाट्याने दिल्यास रक्तदाब उतरून मळमळू शकते. म्हणून ते सावकाश देण्याकडे कल असतो. रक्तस्राव न थांबल्यास वापरली जाणारी अर्गोमेट्रिन व कार्बोप्रोस्ट ही औषधे उलटी होण्यासाठी अधिक ज्ञात आहेत. वेदनाशमनासाठी दिलेल्या मॉर्फिनमुळेही पुढील काही तासांत मळमळ व अंगाला खाज येऊ शकते.

या सर्वांवर भीतीची भर पडते. धास्तावलेल्या अवस्थेत श्वास उथळ व जलद होतो, तोंड कोरडे पडते आणि पोटात कालवाकालव होते. भीतीने आलेली ही संवेदना मळमळीची सुरुवात समजली जाते आणि भीती आणखी वाढते.

भूलतज्ज्ञ काय करू शकतात?

मळमळ रक्तदाब उतरल्यामुळे असेल, तर उलटी थांबवणाऱ्या गोळीपेक्षा रक्तदाब सावरणे महत्त्वाचे असते. फेनिलएफ्रिनसारखे औषध शिरेतून दिल्यावर रक्तदाब वर येतो आणि मळमळ बहुधा थोड्याच अवधीत शमते. मातेचा रक्तदाब भुलीपूर्वीच्या पातळीच्या ९० टक्क्यांखाली जाऊ न देण्याचे उद्दिष्ट असावे, अशी शिफारस भूलतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये केली. भूल देतानाच सलाईन व रक्तदाबाचे औषध सुरू ठेवल्यास हा त्रास मुळातच कमी होतो.

याखेरीज ऑनडॅनसेट्रॉन, मेटोक्लोप्रामाइड, डेक्सामेथासोन यांसारखी उलटीप्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. कोणते औषध केव्हा द्यावे, हे मातेच्या प्रकृतीवरून भूलतज्ज्ञ ठरवतात. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत सिझेरियनच्या वेळी मातेला मळमळ रोखण्यासाठी औषध किंवा बिंदुदाब देऊ करावा, असे नमूद आहे. म्हणजेच प्रतिबंधाची मागणी करणे हा हट्ट नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

उलटी झालीच तर?

भीतीचा खरा गाभा पुष्कळदा येथे असतो. आडवे असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन गुदमरू, असे वाटते. या धोक्याचा इतिहास वैद्यकशास्त्राला परिचित आहे. कर्टिस मेंडेल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून, पोटातील अन्न वा आम्ल फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे मांडली. त्या काळी प्रसूतीच्या वेळी पूर्ण बेशुद्ध करणारी भूल दिली जात असे. बेशुद्धीत घशाची संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, हे त्यामागील मुख्य कारण होय. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याच्या व आम्लशामक औषध देण्याच्या पद्धतीला या अभ्यासाने बळ मिळाले.

कमरेतून भूल दिलेली माता जागी असते. तिला खोकता येते, गिळता येते, मान वळवता येते. पोट रिकामे असल्यामुळे बहुतेक वेळा केवळ उमासे येतात किंवा थोडे पाणी पडते. अशा वेळी मान एका बाजूला वळवावी. डोक्याशी असलेले भूलतज्ज्ञ वा परिचारिका ट्रे धरतात आणि गरज पडल्यास नळीने तोंड स्वच्छ करतात. उमासा आल्याने शस्त्रक्रिया बिघडत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर क्षणभर थांबू शकतात.

'मग पूर्ण भूलच द्या,' अशी मागणी काही स्त्रिया या भीतीपोटी करतात. परंतु पूर्ण भुलीतून जागे झाल्यावरही मळमळ होऊ शकते, पोटातील आम्ल फुप्फुसात जाण्याचा धोका तीत अधिक असतो आणि बाळाचा पहिला आवाज मातेला ऐकता येत नाही. वैद्यकीय कारण असल्यास पूर्ण भूल दिली जातेच; केवळ मळमळ टाळण्यासाठी मात्र ती सोयीची वाट नव्हे.

साधी धास्ती की भीतिगंड?

शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती स्वाभाविक असते. काही स्त्रियांना मात्र उलटीची भीती लहानपणापासून असते. त्या प्रवास टाळतात, बाहेरचे अन्न टाळतात, आजारी माणसाजवळ जात नाहीत. काही जणी डोहाळ्यांच्या भयाने गर्भधारणाच लांबवतात. ही अवस्था विशिष्ट भीतिगंडाच्या प्रकारांत मोडते आणि बोधनिक-वर्तन उपचारपद्धतीने तीत सुधारणा होऊ शकते. अशा स्त्रीने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची वाट न पाहता, काही आठवडे आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगून मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध असून तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते.

पूर्वतयारी कशी करावी?

भूलपूर्व तपासणी ही यासाठी योग्य वेळ होय. गर्दीच्या रुग्णालयात ही भेट थोडक्यात आटोपते. कधी भूलतज्ज्ञाची गाठ थेट शस्त्रक्रियागृहातच पडते. म्हणून पुढील बाबी कागदावर लिहून तो केसपेपरला जोडण्याची विनंती करावी :

- उलटीची तीव्र भीती असल्यास ती किती काळापासून आहे.
- प्रवासात मळमळते का. पूर्वीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का.
- या गरोदरपणात उलट्यांचा त्रास किती झाला आणि कोणत्या औषधाने आराम पडला.
- एखाद्या औषधाने अंगावर पुरळ किंवा विलक्षण अस्वस्थता आली होती का.
- उच्च रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार आहे का. अर्गोमेट्रिनसारखी औषधे ठरवताना ही माहिती महत्त्वाची असते.

'मळमळ होऊ नये म्हणून आधी औषध देणार का?' आणि 'मळमळू लागल्यास मी काय खूण करावी?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गंभीर रक्तस्राव झाल्यास मात्र प्राण वाचवणारे औषध मळमळीचा विचार न करता द्यावे लागते, हेही मनाशी स्पष्ट असावे.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी स्त्रियांसमोर भाषेची आणखी एक अडचण येते. 'कसेतरीच होतेय' हे सुरतेच्या वा हैदराबादच्या शस्त्रक्रियागृहात कोणाला उमगेलच असे नाही. हिंदीत 'जी मिचला रहा है', गुजरातीत 'उबका', कन्नडमध्ये 'वाकरिके', तेलुगूत 'विकारम्' एवढा शब्द पाठ असला तरी काम भागते.

उपवासाबाबत रुग्णालयाच्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. सर्वसाधारणपणे हलके अन्न ६ तास आधी आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधी थांबवतात. भीतीपोटी आदल्या दुपारपासूनच अन्नपाणी सोडण्याने लाभ होत नाही. शरीरातील पाणी घटल्यास रक्तदाब उतरण्यास मदतच होते. आल्याचा तुकडा, आमसूल किंवा लिंबूगोळी हे घरगुती उपाय एरवी चालतील, परंतु उपवास सुरू झाल्यावर विचारल्याशिवाय तोंडात काही घालू नये.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

मळमळीची पहिली चाहूल लागताच सांगावे. 'थोडे थांबून पाहू' असा संकोच करू नये. यंत्रावर रक्तदाबाचा आकडा उमटण्यापूर्वीच मातेला मळमळ जाणवू शकते. म्हणून तिचे सांगणे ही तक्रार नसून भूलतज्ज्ञासाठी उपयुक्त सूचना असते. नाकाने सावकाश श्वास घेऊन तोंडाने त्याहून सावकाश सोडावा. डोळे एका स्थिर बिंदूवर ठेवावेत. वासाने त्रास होत असल्यास तसे सांगावे.

मनगटाच्या आतील बाजूस, सुरकुतीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुरज्जूंच्या मध्ये असलेल्या बिंदूवर दाब दिल्याने काहींना आराम पडतो. सिझेरियनबाबत त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण अपायही नाही. त्यासाठीचा पट्टा घालायचा असल्यास आधी परवानगी घ्यावी.

सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ असू देण्याचे धोरण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये स्वीकारले. शस्त्रक्रियागृहातील प्रवेश मात्र त्या त्या रुग्णालयाच्या नियमांवर अवलंबून असतो. प्रवेश नसल्यास डोक्याशी असलेल्या परिचारिकेला बोलत राहण्याची विनंती करता येते.

शस्त्रक्रियेनंतर

भूल उतरताना थंडी वाजणे, कंप सुटणे व किंचित मळमळणे संभवते. प्रथम पाण्याचे घोट, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका आहार घ्यावा. उलटी थांबवणारी नेहमीची औषधे बहुधा स्तनपान चालू ठेवून देता येतात. त्यासाठी बाळाला दुधापासून दूर ठेवण्याचा निर्णय परस्पर घेऊ नये. उलट्या सतत होत राहिल्यास, पोट फुगल्यास, तीव्र डोकेदुखी वा ताप आल्यास त्वरित कळवावे.

घरच्या मंडळींचीही यात भूमिका आहे. 'आम्हांला नाही का उलट्या झाल्या?' या वाक्याने धीर मिळत नाही; स्त्री पुन्हा बोलण्याचे टाळते. त्याऐवजी तपासणीला सोबत जाऊन तिच्या मनातील गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली, तर तिचा अधिक उपयोग होतो. मळमळ होणारच नाही, अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. मात्र ती आल्यास काय करायचे हे मातेला आणि भूलतज्ज्ञाला आधीपासून ठाऊक असेल, तर तिचा त्रास आणि तिचे भय, दोन्ही आटोक्यात ठेवता येतात.