बिजवराची यादी

1928 सालचा वसंत आहे आणि तुम्ही लंडनच्या एका चित्रपटगृहात बसला आहात. सिगारेटच्या धुरातून प्रोजेक्टरचा झोत निळसर होऊन जातोय, पडद्याखाली वादक वाद्यं जुळवताहेत. ‘द फार्मर्स वाइफ’ सुरू होतोय. दिग्दर्शकाचं नाव आल्फ्रेड हिचकॉक; वय 28. हा माणूस पुढे न्हाणीघराच्या पडद्याआड काय करणार आहे, ते इथे कुणालाच माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.

आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी मूळ नाटक पाहिलंय. ईडन फिलपॉट्सचं हे नाटक 1916मध्ये बर्मिंगहॅमला झालं आणि 1924पासून लंडनच्या कोर्ट थिएटरात त्याचे तेराशेहून जास्त प्रयोग लागले. डेव्हनच्या शेतकऱ्यांची ठसकेबाज बोली हे त्याचं भांडवल. आणि चित्रपट मुका! पाट्यांवर ठसका तो किती उतरणार?

पण बघा. शेतकरी स्वीटलँडची बायको मरणशय्येवर आहे. जाताजाता ती मिंटाला, म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईला, बजावते काय, तर मालकाच्या चड्ड्या नीट वाळवत जा. थिएटरात खसखस पिकते. तुम्हाला हसावं की नाही कळत नाही. मग मुलीचं लग्न लागतं, पाहुणे पांगतात, आणि शेकोटीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी दिसू लागते. स्वीटलँड मिंटालाच कागद-पेन्सिल घेऊन बसवतो आणि स्थळांची यादी करतो. चार नावं. एकही बाई नाही म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. स्वीटलँड झालेल्या जेमिसन थॉमसच्या त्या ताठ मानेनेच अर्धा विनोद होतो.

विधवा विंडीट नकार देते. थर्झा टॅपरला तर मागणी ऐकूनच कापरं भरतं आणि तिच्या हातातली जेली तिच्यासोबत थरथरते. तिच्याच चहापार्टीत पोस्टवाल्या मेरी हर्नशीही स्वीटलँडचं जुंपतं. ही पार्टी जरा लांबलीच आहे. पण तिथे गॉर्डन हार्कर, म्हणजे गडी चर्डल्स ॲश, अंगाला न बसणाऱ्या कोटात पाहुण्यांचं स्वागत करत घसरती पँट सावरतो, तेव्हा तक्रार विरते. शेजारच्या बाई मात्र नाक मुरडतात: नाटकात सेड्रिक हार्डविकनं हे काम केलं होतं, त्याची सर नाही!

चौथा नकार गुत्त्यातल्या मर्सी बॅसेटचा. दरवेळी यादीतलं एक नाव खोडलं जातं. तुम्ही केव्हाच ओळखलंय की नवरी समोरच बसलीय. मिंटा झालेली लिलियन हॉल-डेव्हिस काही करत नाही, फक्त त्याच्याकडे पाहते. त्या पाहण्याला बोलीची गरजच नाही. नाटककाराच्या हजार शब्दांचं काम हिचकॉकनं एका खुर्चीवर सोपवलंय.

अखेर त्या खुर्चीत मिंटा बसते. स्वीटलँडचा ताठा उतरलाय, पण शंभर वर्षं पुढून आलेल्या तुम्हाला एक खटकतंच: चड्ड्या वाळवणारीला बढती मिळाली, एवढंच ना? विचार पुरा होण्याआधीच नाकारून गेलेल्यांपैकी दोघी होकार द्यायला दारात हजर होतात, आणि तुमचं हसू शेजारच्या बाईंपेक्षा मोठं निघतं.