घुमट, जाजम आणि दहा बाय बाराची खोली

विजापूरच्या गोल घुमटाखाली टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. ही महंमद आदिलशहाची कबर. 1656 मध्ये त्याचं निधन झालं. इमारत बांधणाऱ्याचं नाव दाभोळचा याकूत असं सांगितलं जातं, म्हणजे आपल्या कोकणचा माणूस. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा सज्जांवर संशोधन केलं, त्यात हा घुमटही आहे.

कौतुक करावं असंच हे काम आहे. पण त्याच घुमटाखाली कव्वाली ऐकायला बसलो तर शब्दावर शब्द चढतील. आवाज घुमणं आणि आवाज कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मशिदीला आवाज कळण्याची गरज पहिल्यापासून होती. नमाजात इमामाची पाठ जमातीकडे आणि तोंड मिहराबकडे असतं. मिहराबचा खोलगट कोनाडा त्याचा आवाज मागे परतवतो. मागच्या सफांपर्यंत तो पोहोचत नसेल तर मधला मुकब्बिर तकबीर मोठ्याने पुन्हा म्हणतो. आज मोठ्या सभागृहात मागच्या रांगांसाठी वेगळे स्पीकर लावतात, त्यामागचा विचारही हाच. पुढचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या जवळ आवाज नेणं.

वाड्यांतल्या बैठकींनी दुसरा उपाय शोधला. खाली जाजम, त्यावर गाद्या, पाठीला लोड-तक्के, दारांना जाड पडदे आणि दाटीवाटीने बसलेली माणसं. हा थाट सोयीचा आणि इभ्रतीचा होता, पण त्याने आवाजही आवरला जात होता. तंबोऱ्याची जव आणि गवय्याचा श्वास शेवटच्या माणसाला ऐकू यायचा.

यामागचं गणित अमेरिकेत सापडलं. हार्वर्डमध्ये फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळत नव्हतं. उच्चारलेला आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. 1895 मध्ये हे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत ठेवायचा. त्यातून सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितका आवाज रेंगाळतो, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका लवकर विरतो. आपल्या बैठकीतल्या गाद्या हेच काम न मोजता करत होत्या.

मग गाणं तबकडीतून घरात आलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 मध्ये वारल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. 1930 च्या दशकातल्या त्यांच्या ओडियन तबकड्या आजही घरोघरी ऐकल्या जातात. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. इतक्या थोड्या वेळात सुराला लावलेला हलका कण खोलीच्या गोंगाटात हरवला तर उरतं काय?

म्हणून आमच्या जुन्या नाशकातल्या दहा बाय बाराच्या खोलीचा हिशेब मांडतो. छत दहा फूट. गिलावा आणि लादीची ही खोली रिकामी असेल तर सॅबिनच्या सूत्राने आवाज विरायला अडीच-तीन सेकंद लागतील. गाणं ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास पुरे. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने 56 हर्ट्‌झच्या आसपासचा खर्ज दुप्पट फुगतो. पातळ गालिचा फक्त तीक्ष्ण आवाज खातो. खर्जासाठी जाड गाद्या, रजया, भरलेलं पुस्तकांचं कपाट हवं, आणि तेही कोपऱ्यांत, कारण खर्ज तिथेच साचतो. अंड्यांचे पुठ्ठे लावून खर्जाला काही फरक पडत नाही.

स्पीकर दहा फुटी भिंतीकडे, भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवावेत. दोघांत साडेपाच फूट अंतर आणि प्रत्येकापासून आपल्यापर्यंतही तेवढंच. मग आपण पुढच्या भिंतीपासून पावणेसात फुटांवर येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये, तिथे काही खर्ज नाहीसाच होतो. गादीवर बसत असाल तर ट्वीटर जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर, कानाच्या रेषेत हवा. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल तिथे रजई टांगा.

मात्र रजई, फोम किंवा पडदे शेजारच्या घरात जाणारा आवाज अडवत नाहीत. त्याला जड भिंत लागते, आणि आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे. पलीकडे कुणी फजरला उठणार असतं, कुणाची परीक्षा असते, कुणी आजारी असतं. 2000 च्या ध्वनी नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने त्याच्याही कितीतरी आधी सांगितला आहे.

आज आपल्या शहरांत भोंग्यावरून माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. मशिदीचा असो, मंडळाचा असो की लग्नाचा, प्रत्येकाला आपला आवाज वाढवायचा आहे. मुकब्बिराची आणि बैठकीची परंपरा वेगळं शिकवते. कळावं यासाठी आवाज वाढवावाच लागतो असं नाही. खोली नीट लावली तर खाँसाहेबांचा तार षड्ज हळू आवाजातही पुरता पोहोचतो, आणि भिंतीपलीकडचं मूल झोपलेलं राहतं.