अमर शेख आणि ‘मराठी’ असण्याचा अर्थ

“सर, तुम्ही मराठी की मुसलमान?” खुटबावातही हा प्रश्न मला ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, म्हणूनच तो जास्त लागतो. अशा वेळी मी शाहीर अमर शेख यांचं नाव घेतो.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, बार्शी. लोकगीतांचा वारसा आई मुनेरबीकडून आलेला. म्हणजे मुसलमान घरातलीच ही मराठी! पुढे गिरणी कामगार, मग अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हे राज्य कुणाचं, हे डफावर सांगणाऱ्यांत एक मातंग होता, एक मुसलमान. घाम गाळणारा तो मराठी, अशी त्यांची व्याख्या. शेखांनी मराठीपणात जागा मागितली नाही. त्याची वेस आखणाऱ्यांतच ते होते.

१ मे १९६० ला राज्य झालं. उर्दूच्या तासाला इक्बालनंतर मी शेखच सांगतो.