शेकोटी आणि शेगडी

शेकोटी म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें पौषांतली पहांट उभी राहते. काटक्या-पाचोळा गोळा करावा, भोंवतीं चार माणसें जमावीं, आणि उजाडल्यावर राख तेथेंच टाकून ज्यानें त्यानें आपल्या कामास लागावें. शेगडीची गोष्ट निराळी. ती उचलून नेतां येते, आणि तिचा निखारा तिच्याच पोटांत राहतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत लोक मोटारी घेऊन मौजेखातर रानोमाळ भटकतात. तेथें शेकोटीची जागा शेगडीनें कशी घेतली, हा इतिहास आज सांगावयाचा आहे.

उघड्यावरील शेकोटी ही अमेरिकन प्रवाशाला स्वातंत्र्याची खूणच वाटत आली. पायीं किंवा घोड्यावरून हिंडणारे थोडे होते, तोंवर तिच्या राखेचा फारसा उपद्रव नव्हता. भय होतें तें वणव्याचें. १९१० सालीं आयडाहो आणि माँटाना या भागांत सुमारें तीस लक्ष एकर भूमि जळाली, तेव्हांपासून सरकार सावध झालें. १९४४ सालीं ‘स्मोकी’ नांवाचें अस्वल भित्तिपत्रकांवर आलें आणि विस्तव जपण्याचा उपदेश घरोघर पोंचला.

दुसरें महायुद्ध संपलें आणि १९४५ सालीं जीप गाडी नागरिकांसाठीं विक्रीस निघाली. जेथें वाट नाहीं तेथेंही आतां सामान्य माणूस जाऊं लागला. वाहनें इतकीं वाढलीं, कीं १९७१ सालीं कॅलिफोर्नियानें त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. पुढच्याच वर्षीं अध्यक्ष निक्सन यांनीं, सार्वजनिक भूमीवर अशा वाहनांस कोठें मुभा व कोठें मनाई हें ठरविण्याची आज्ञा काढली. ऑकोटिलो वेल्स, ओशानोचा वाळूचा किनारा, इंपीरियलच्या वालुकाटेकड्या अशीं क्षेत्रें नांवारूपास आलीं. सुटीच्या दिवसांत तेथें गांवेंच्या गांवें वसतात, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला रात्रीं जाळ हवा असतो!

वाळवंटांत पाऊस थोडा; म्हणून एकदां पडलेला काळा डाग वर्षानुवर्षें पुसत नाहीं. झाडें सावकाश वाढतात आणि वाळलेलें खोडही लहान जीवांचें घर असतें. वाळूनें झांकलेला निखारा वरून थंड दिसतो. पण आंत कित्येक तास धगधगत राहतो, आणि सकाळीं अनवाणी धांवणारें पोर त्यावर पाय ठेवतें. मालाच्या फळ्यांचीं खोकीं जाळलीं, कीं लांकूड जातें, पण खिळे उरतात. ते चाकांत शिरतात, तसेच तळव्यांतही. खिळे असलेलें लांकूड जाळावयाचें नाहीं हा ओशानोचा नियम असा अनुभवांतून आला आहे.

उपाय सुचला तो नदीवर. ग्रँड कॅनियनमधून नावेनें जाणारे प्रवासी कांठच्या वाळूवर जाळ करीत, आणि कोलोरॅडो नदीचा पूर ती राख धुऊन नेई. १९६३ सालीं वरच्या अंगास ग्लेन कॅनियनचें धरण पाणी अडवूं लागलें. पूर थांबले आणि राख सांचूं लागली. तेव्हां नावाड्यांना लोखंडी परात बाळगण्याचें आणि राख बरोबर नेण्याचें बंधन घालण्यांत आलें. निसर्ग जें झाडीत होता, तें माणसाला झाडावें लागलें.

हीच रीत वाळवंटांतही रुजली. ऑकोटिलो वेल्सच्या शेजारीं असलेल्या अँझा-बोरेगो उद्यानांत जमिनीवर जाळ करण्यास मनाई आहे. विस्तव धातूच्या भांड्यांत करावा, तेथील काटकीही उचलूं नये, आणि राख परत न्यावी, असा दंडक आहे. कोणी पायांची लोखंडी शेगडी विकत घेतो, तर कोणी कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राचें पिंप त्या कामीं लावतो.

कित्येकांना हा स्वातंत्र्यावर घाला वाटतो. परंतु २००३ च्या ऑक्टोबरांत याच सॅन डिएगो परगण्यांत वाट चुकलेल्या एका शिकाऱ्यानें खुणेसाठीं लहानसा जाळ केला, आणि त्यांतून उठलेल्या वणव्यांत पंधरा माणसें दगावलीं. त्यानें आनंदासाठीं नव्हे, तर जीव वांचविण्यासाठीं विस्तव पेटविला होता. पण विस्तव हेतु पाहत नाहीं.

पायीं जाणाऱ्याला लोखंडाचें ओझें वाहणें कठीण असतें. मोटारवाल्याला तें जड नाहीं. ज्या यंत्रानें हजारों शेकोट्या वाळवंटांत नेल्या, तेंच यंत्र शेगडी नेऊं शकतें आणि राख परत आणूं शकतें. सामर्थ्य वाढलें, कीं जबाबदारीचें ओझेंही त्याच गाडींत चढवावें, एवढाच या नियमांचा अर्थ आहे.