दुसरा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेताय? आधी हा हिशेब पाहा

‘भाड्यातून हप्ता परस्पर निघेल,’ असा सल्ला फ्लॅट घेताना हमखास मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

समजा, पुण्यात ६० लाखांचा तयार फ्लॅट कर्ज काढून घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख आपले. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही खर्च कर्जासाठीच्या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे साडेसोळा लाख रोख हाताशी हवेत.

व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. भाडे १८ हजार आणि सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजार मानला, तर दरमहा साडेसव्वीस हजारांहून जास्त रक्कम पगारातून भरावी लागेल. फ्लॅट वर्षात महिनाभर रिकामा राहिला, तर त्या महिन्याचे भाडेही बुडते. महाराष्ट्रात सोसायटी भाडेकरू असलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्कही लावते, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

‘पण करात सूट मिळते ना?’ मिळते, पण अर्धवट. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रंगकाम किंवा मेंटेनन्ससाठी वेगळी नाही. नंतर कर्जाचे व्याज वजा होते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याजच चार लाखांच्या घरात जाते, त्यामुळे तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाखांपर्यंतच पगारातून वजा करता येतात, उरलेला तोटा पुढची आठ वर्षे घरभाड्याच्या उत्पन्नातून वळता होतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजाच होत नाही. कोणती प्रणाली निवडली आहे, हे न पाहता ‘कर वाचेल’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

भाडेकरू ठेवताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अकरा महिन्यांचा करार फक्त नोटरी करून ठेवणे. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात लागू नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, मालकाने वेगळे सिद्ध करेपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. करार नीट असेल, तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी ऑनलाइनही होते.