चारशे सेहेचाळीस बाइट्सची जागा

आमच्या शाळेत एक ४८६ जातीचा संगणक बरीच वर्षे होता. त्यावर डॉस होते, आणि डॉसवर सहामाही-वार्षिक परीक्षांचे सगळे गुण. आम्हा दोघा-तिघा शिक्षकांना लिनक्स शिकायची हौस होती, पण दुसरा संगणक घेण्याइतके पैसे नव्हते. एकाच यंत्रात दोन कार्यप्रणाली नांदू शकतात असे वाचले होते. चकतीचा दुसरा विभाग रिकामा होता. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही कामाला लागलो. संध्याकाळी संगणक पुन्हा चालू केला, तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच इंग्रजी अक्षरे उमटली आणि यंत्र गप्प झाले. सोमवारी निकालपत्रके लिहायची होती!

ती दोन अक्षरे काय सांगत होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संगणक चालू करतो तेव्हा त्याच्या स्मृतीत काहीच नसते. कार्यप्रणाली असते चकतीवर. ती चकतीवरून उचलून आणायलाही एक प्रोग्रॅम लागतो, मग तो प्रोग्रॅम कोणी आणायचा? कितीही तरबेज नट असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टान्त आपल्याकडे जुन्या शास्त्रचर्चेत देत. इंग्रजीत त्याऐवजी स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलण्याची कल्पना आहे. 'बूट करणे' हा शब्द तिथून आला.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा ही अडचण अशी सोडवली होती : बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा कोरून ठेवला. तो यंत्राची तपासणी करतो, चकतीवरचा अगदी पहिला कप्पा, म्हणजे ५१२ बाइट्स, स्मृतीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. हा पत्ता विचित्र वाटतो, पण ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८. त्यातून १,०२४ वजा करून पाहा. कमीत कमी ३२ किलोबाइट स्मृती असेल असे धरून तिच्या अगदी शेवटाला, इतरांच्या पायात येणार नाही अशी ही जागा निवडलेली होती.

त्या पहिल्या संगणकाला हार्ड डिस्क नव्हतीच. कार्यप्रणाली बदलायची तर फ्लॉपी बदलायची, बस्स. आयबीएमने तीन कार्यप्रणाली जाहीर केल्या होत्या : पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉसची किंमत ४० डॉलर, तर सीपी/एम-८६ ची २४०. लोकांनी कोणती फ्लॉपी घेतली असेल ते सांगायला नको.

मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला एक्सटी संगणक आणि डॉसची २.० आवृत्ती आली. आता प्रश्न उभा राहिला. फ्लॉपी काढून दुसरी घालता येते, हार्ड डिस्क आत पक्की बसवलेली. मग एकाच चकतीवर दोघांनी कसे राहायचे? उत्तर असे : चकतीचे जास्तीत जास्त चार विभाग करायचे आणि त्यांचा सातबारा पहिल्याच कप्प्यात ठेवायचा. एका नोंदीला १६ बाइट्स, चारांना ६४. शेवटचे दोन बाइट्स ओळखीची खूण. उरले ४४६. त्यात बसेल एवढा प्रोग्रॅम सातबारा वाचतो, 'चालू' अशी खूण असलेला विभाग शोधतो आणि त्याच्या पहिल्या कप्प्याकडे सूत्रे देतो. दहा मेगाबाइटच्या चकतीचे चार तुकडे कोण करणार होते, असे आज वाटते. पण ही दूरदृष्टी पुढे अनेक वर्षे कामी आली.

सोय होती, पण निवड करायला दर वेळी खूण हलवावी लागे. १९९२ च्या ओएस/२ मध्ये चालू होतानाच यादी दाखवणारा बूट मॅनेजर आला. त्याच सुमारास वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिनक्ससाठी लिलो लिहिला. तो ४४६ बाइट्समध्ये मावत नाही, म्हणून दोन टप्प्यांत चालतो, आणि मजा अशी की पुढे सरकताना स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर छापत जातो. चारही अक्षरे उमटली की सगळे ठीक. आमच्याकडे दोनच उमटली होती : पहिला टप्पा दुसऱ्याला घेऊन आला, पण दुसरा चालेना. कारण, चकतीवरचे कप्पे बायोस एका पद्धतीने मोजत होता आणि लिनक्स दुसऱ्या. पत्ता बरोबर, पण घरांचे क्रमांक वेगळे!

डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक चालू केला. गुण जागच्या जागी होते. सातबाऱ्याला धक्का लागलाच नव्हता. एफडिस्कच्या एका आज्ञेने ते ४४६ बाइट्स पूर्ववत झाले. पुढच्या शनिवारी लिलोच्या मांडणीत 'लिनियर' हा एक शब्द वाढवला आणि चारही अक्षरे उमटली. मधल्या आठवड्यात मात्र आम्ही सगळे गुण फ्लॉप्यांवर उतरवून ठेवले होते. ते आधीच करायला हवे होते, हे मुख्याध्यापकांनी ऐकवलेच.

सगळीकडे भांडण असे मोजणीचेच असते असे नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ बसवताना ही जागा न विचारता स्वतःच्या प्रोग्रॅमने भरून टाकी. मग आधीचा लिनक्स चकतीवर जसाच्या तसा असूनही दिसेनासा होई. म्हणून विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रम जाणकार सांगत. हे तंत्राचे बंधन मुळीच नव्हते. शेजाऱ्याची दखल घ्यायची नाही, एवढेच.

लिलोला फाइल कळत नसे. कप्प्यांचे क्रमांक पाठ केलेले, त्यामुळे लिनक्सचा गाभा बदलला की त्याची पुन्हा मांडणी करावी लागे. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी लिहिलेल्या ग्रबला फाइल नावाने शोधता येऊ लागल्या आणि पुढे लिलो मागे पडला.

जुन्या सातबाऱ्यात कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांचा. दोनाचा ३२ वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट, याच्या पलीकडची जागा त्यात लिहिताच येत नाही. म्हणून आजच्या संगणकांत जीपीटी ही नवी नोंदवही असते आणि तीत सहसा १२८ विभागांना जागा असते. तरीही अशा चकतीच्या पहिल्या कप्प्यात जुन्या पद्धतीचा सातबारा असतोच. त्यात एकच नोंद, जुन्या पद्धतीत मावेल तेवढी सगळी चकती व्यापलेली आहे अशी. एखादा जुना प्रोग्रॅम आलाच, तर चकती रिकामी समजून त्याने तिच्यावर लिहायला सुरुवात करू नये यासाठी.